पोशाख आणि स्वाक्षरी : जाझ युगातील फॅशनेबल तरुणीचे मराठी व उर्दू चित्रण

प्रास्ताविक

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकाकडून फूलबागेकडे जाताना पडाव हा भाग लागतो. पडाव म्हणजे मुक्काम, तळ. शहराच्या ज्या भागात मराठी वस्ती प्रामुख्याने वाढली त्याचे नावही लष्कर. छावणीच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात पडावालगतच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणीला वीरमरण आले. तिचे जे चित्र पाठ्यपुस्तकांतून आणि पुतळ्यांतून लोकांच्या मनात ठसले आहे, त्यात घोडेस्वाराचा वेश हा महत्त्वाचा भाग आहे. रणांगणावर वेश बदलणाऱ्या स्त्रीला समाजाने डोक्यावर घेतले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी कॉलेजात, कचेरीत आणि रस्त्यावर वेश बदललेली तरुणी दिसू लागली, तेव्हा मात्र त्याच समाजाने भुवया उंचावल्या. ही तरुणी म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतील ‘मॉडर्न गर्ल’ होय.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ पाश्चात्त्य देशांत ‘जाझ युग’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२२ सालच्या कथासंग्रहाच्या नावामुळे हा शब्द रूढ झाला. आखूड केस, आखूड झगा, ओठांना रंग, हातात सिगारेट आणि पायांत नाचाचा ठेका असलेल्या तरुणीला तेथे ‘फ्लॅपर’ म्हणत. ब्रिटनमध्ये १९२८ साली एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार देणारा कायदा झाला, तेव्हा विरोधकांनी त्याची ‘फ्लॅपरांचे मतदान’ अशी टवाळी केली. ही टवाळी येथे महत्त्वाची आहे. आक्षेप मतपत्रिकेला होता, बोट मात्र झग्याकडे दाखवले गेले.

आपल्याकडेही असेच घडले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्या काळच्या मराठी व उर्दू साहित्यात आणि चित्रपटांत फॅशनेबल तरुणीची भरपूर चर्चा झाली. ही चर्चा बहुतांशी पोशाखाची होती. त्याच काळात स्त्रियांनी स्वतः जे लिहिले आणि केले, त्याचा मध्यबिंदू मात्र विवाहाची संमती, पगार आणि करार, म्हणजे एका शब्दात सांगायचे तर स्वाक्षरी, हा होता. या दोहोंतील अंतर काही निवडक उदाहरणांतून तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ग्वाल्हेरला आलेले एक पत्र

या विषयाचे पहिले ठळक उदाहरण ग्वाल्हेरच्याच इतिहासात सापडते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची एकुलती एक कन्या इंदिराराजे (जन्म १८९२) यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. महाराज त्यांच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते. त्यांचा एक विवाह झालेला होता आणि त्यांना अपत्य नव्हते. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात राण्यांना पडदा पाळावा लागे. इंदिराराजे कॉलेजात शिकलेल्या होत्या. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने सर्व संस्थानिक एकत्र आले असताना कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यानंतर त्यांनी स्वतः माधवरावांना पत्र लिहून हा विवाह आपल्याला करावयाचा नाही, असे कळवले. गोंधळलेल्या माधवरावांनी या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी तार बडोद्याला पाठवली आणि आईवडिलांना मुलीच्या पत्राची बातमी त्या तारेतून समजली. इंदिराराजे यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. पुढे १९१३ साली लंडनमध्ये इंदिराराजे आणि जितेंद्र नारायण यांचा विवाह झाला.

या बाईंचे नाव आज कशासाठी घेतले जाते, हे पाहण्यासारखे आहे. १९२२ साली त्यांना वैधव्य आले आणि अज्ञान मुलाच्या वतीने त्यांनी १९३६ पर्यंत कूचबिहारचा कारभार पाहिला. तरीही फॅशनच्या इतिहासात त्यांची ओळख फ्रान्समधून मागवलेल्या शिफॉनच्या साड्या भारतात रूढ करणारी राणी अशी आहे. इटालियन चर्मकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी बुटांच्या शंभर जोड्यांची मागणी नोंदवली, ही गोष्टही वारंवार सांगितली जाते. हिंदू विधवेने पांढरे, जाडेभरडे नेसावे या रूढीच्या काळात एका विधवेने पांढऱ्या रंगाचीच शिफॉन साडी डौलाने नेसावी, यात एक मूक उत्तर होते, हे नाकारता येत नाही. परंतु शिफॉन आणि बुटांच्या तुलनेत १९११ चे पत्र आणि चौदा वर्षांचा कारभार या गोष्टी मागे पडल्या आहेत. आजच्या आठवणीतही पोशाख पुढे आणि स्वाक्षरी मागे, हाच क्रम आहे.

अर्थात इंदिराराजे राजकन्या होत्या. नकाराची किंमत मोजण्याइतके बळ त्यांच्या पाठीशी होते. मध्यमवर्गीय किंवा गरीब घरच्या मुलीला ते नव्हते. म्हणून राजवाड्यातून बाहेर पडून मुंबईच्या चित्रपटगृहाकडे वळणे आवश्यक ठरते. फॅशनेबल तरुणीचे चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम आणले ते पडद्याने.

पडद्यावरची ‘गर्ल’

मूकपटांच्या काळात कुलीन समजल्या जाणाऱ्या हिंदू व मुस्लिम घराण्यांतील स्त्रिया चित्रपटात काम करत नसत. त्यामुळे आधुनिक भारतीय तरुणीची पडद्यावरची प्रतिमा घडवली ती ज्यू व अँग्लो-इंडियन मुलींनी आणि गाण्याबजावण्याची परंपरा असलेल्या घरांतील मुस्लिम स्त्रियांनी. यांतील सर्वांत लोकप्रिय नाव सुलोचना यांचे. त्यांचे मूळ नाव रुबी मायर्स, जन्म पुण्याचा, घराणे बगदादी ज्यू. चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. ‘टायपिस्ट गर्ल’ आणि ‘टेलिफोन गर्ल’ हे त्यांचे चित्रपट १९२६ सालचे, तर ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ १९२७ सालचा. या शेवटच्या चित्रपटात त्यांनी आठ भूमिका केल्या. त्यांत पुरुषांच्याही भूमिका होत्या.

चित्रपटांची नावे पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर ही त्या काळी स्त्रियांसाठी नव्याने उघडलेली पगाराची कामे होती. म्हणजे फॅशनेबल तरुणीच्या प्रतिमेच्या मुळाशी पगार होता. पण जाहिरातीत आणि प्रेक्षकांच्या बोलण्यात उरली ती ‘गर्ल’, तिच्या कामाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. सुलोचना यांना मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार मिळतो, अशी आख्यायिका तयार झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, एका माजी टेलिफोन ऑपरेटरच्या कमाईने समाज किती अस्वस्थ झाला होता, हे तीवरून समजते.

चंदुलाल शाह दिग्दर्शित ‘गुणसुंदरी’ (१९२७) या मूकपटाचे कथानक या दृष्टीने बोलके आहे. गोहर यांनी यात घरकामात बुडालेल्या पतिव्रतेची भूमिका केली. पती दुसरीकडे ओढला जातो, तेव्हा ही पत्नी स्वतः नटूनथटून घराबाहेर पडते आणि त्याला ताळ्यावर आणते. येथे फॅशनला मान्यता मिळते, पण ती संसार वाचवण्याचे साधन म्हणून. पत्नीने पोशाख बदलला, तिची इच्छा मात्र विचारली गेली नाही. गोहर यांचे स्वतःचे जीवन कथानकाच्या पुढे गेले होते. चंदुलाल शाह यांच्यासमवेत त्यांनी १९२९ साली रणजित ही चित्रसंस्था उभी केली. त्यापूर्वी १९२६ साली फातमा बेगम यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या महिला दिग्दर्शक म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांची कन्या जुबेदा १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका झाली. पडद्यावरील नायिकेला जे अधिकार मिळत नव्हते, ते तिला घडवणाऱ्या स्त्रिया कॅमेऱ्यामागे वापरत होत्या, ही विसंगती समीक्षेने नोंदवावयास हवी.

मुंबईतील जाझचा इतिहासही याच वळणाचा आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे मिकी कोरिया, चिक चॉकलेट अशा वादकांनी ही परंपरा चालवली आणि गोव्याच्या अनेक वादकांमार्फत हे संगीत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात शिरले. हॉटेलात जाऊ न शकणाऱ्या कोट्यवधी लोकांनी जाझ ऐकले ते चित्रपटगीतांतून. फॅशनेबल तरुणीचेही तसेच झाले. ती मूठभर होती, तिची प्रतिमा मात्र गावोगावी पोहोचली.

फडके यांची नायिका आणि विभावरींच्या ‘कळ्या’

मराठी कादंबरीत या तरुणीला स्थिर स्थान दिले ते ना. सी. फडके यांनी. ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी सुशिक्षित, सुखवस्तू घरातील, मोकळेपणाने वावरणारी नायिका घरोघरी नेली. त्यांच्यावर तंत्रवादाचा आणि वास्तवापासून दूर गेल्याचा आक्षेप नेहमी घेतला जातो. हा आक्षेप रास्त असला तरी अपुरा आहे. तरुण मुलगी पुरुषाशी समान पातळीवर बोलू शकते, तिला आवडनिवड असते, प्रेम हे विवाहाचे कारण असू शकते, या गोष्टी फडके यांनी मध्यमवर्गीय वाचकांच्या अंगवळणी पाडल्या. ही कामगिरी लहान नाही. मर्यादा दुसरीकडे आहे. त्यांच्या नायिकेपुढील पेच बहुधा दोन पुरुषांपैकी कोण, एवढाच असतो. घरभाडे कोण भरणार, धाकट्या भावाची फी कोठून येणार, हे प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

हे प्रश्न १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहाने विचारले. या कथांतील मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या ‘मॉडर्न’च दिसतात. प्रत्यक्षात ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच त्यांची कोंडी आहे. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालते आणि म्हणून तिच्या लग्नाचा विषय लांबणीवर पडतो. मुलीच्या स्वातंत्र्याची म्हणून ज्या गोष्टीकडे पाहिले जात होते, तीच तिच्या अडकण्याचे कारण ठरते. पगार मिळवणे आणि पगारावर हक्क असणे यांतील फरक मराठी कथेत इतक्या नेमकेपणाने त्यापूर्वी क्वचितच आला असेल. पाठोपाठ १९३४ साली आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत पतीने टाकलेल्या स्त्रीच्या प्रेमाचा आणि मातृत्वाच्या ओढीचा प्रश्न होता.

या पुस्तकांनी मोठे वादळ उठवले. लेखिका कोण, ती खरोखर स्त्री आहे की पुरुष, याची चर्चा पुस्तकातील प्रश्नांपेक्षा जास्त झाली. टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजेच नंतरच्या मालती बेडेकर (१९०५–२००१) होत्या, हे नंतर सर्वांना समजले. मुलींच्या शिक्षणसंस्थेशी संबंधित असलेल्या एका शिक्षिकेला आपल्या अनुभवविश्वावर लिहिताना नाव झाकावे लागले, ही बाब शिक्षकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ज्या काळात तरुणीच्या उघड्या डोक्याची चर्चा होत होती, त्या काळात तिचे खरे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येऊ शकत नव्हते.

उर्दूतील दोन टोके

उर्दूत नव्या स्त्रीवरील उपहासाचा मान अकबर इलाहाबादी (१८४६–१९२१) यांच्याकडे जातो. बेपर्दा स्त्री, इंग्रजी शिक्षण आणि साहेबी चालीरीती यांवर त्यांनी केलेले विनोदी शेर आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या उपरोधात वसाहती सत्तेविषयीचे दुःख आहे, म्हणून त्यांना केवळ सनातनी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तथापि, स्वतः इंग्रजी न्यायखात्यात नोकरी करणाऱ्या आणि मुलाला शिक्षणासाठी विलायतेला पाठवणाऱ्या कवीला परंपरेच्या रक्षणाची जबाबदारी स्त्रीच्या पडद्यावर टाकावीशी वाटली, हेही नोंदवले पाहिजे. पुरुषाने कोट-पतलून घातली तर ती नोकरीची गरज. स्त्रीने बुरखा काढला तर तो संस्कृतीचा अंत. हा दुहेरी न्याय मराठी विनोदी साहित्यातही तितकाच आढळतो. तो कोणा एका समाजाचा दोष नाही.

दुसऱ्या टोकाला रशीद जहाँ (१९०५–१९५२) आहेत. त्यांचे वडील शेख अब्दुल्ला आणि आई वहीद जहाँ यांनी १९०६ साली अलिगढमध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. रशीद जहाँ दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. आखूड कापलेले केस आणि खादीची साडी अशी त्यांची राहणी होती. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौहून प्रसिद्ध झालेल्या ‘अंगारे’ या संग्रहात सज्जाद जहीर, अहमद अली व महमूदुज्जफर यांच्यासोबत त्यांची एक कथा आणि एक एकांकिका होती. संयुक्त प्रांताच्या सरकारने मार्च १९३३ मध्ये या पुस्तकावर बंदी घातली. संग्रहातील काही पुरुष लेखकांच्या कथांनी धार्मिक भावना दुखावल्या, ही तक्रार त्या वेळी व्यापक होती. त्या कथांचा काही भाग आजही अनेकांना भडक वाटेल. परंतु सर्वाधिक वैयक्तिक हल्ले झाले ते रशीद जहाँ यांच्यावर. ‘अंगारेवाली’ हे नाव त्यांना चिकटले.

आणि त्यांची ‘दिल्ली की सैर’ ही कथा काय सांगते? फरीदाबादची एक स्त्री पतीबरोबर आगगाडीने दिल्ली पाहायला जाते. स्थानकावर पतीला ओळखीचा माणूस भेटतो. तो तिला सामानापाशी बसवून निघून जातो. बुरख्यातली ती स्त्री फलाटावर बसून राहते. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहतात, ती त्यांच्याकडे पाहते. पती परततो तेव्हा तिला दिल्ली नको असते, घरी जायचे असते. गावी परतल्यावर शेजारणींना ती ही ‘सहल’ सांगते. कथा अवघ्या काही पानांची आहे आणि तिच्यात कोणावरही ताशेरे नाहीत. ग्वाल्हेरसारख्या जंक्शनच्या गावात, पडावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या फलाटावर, सामानाशेजारी बसवून ठेवलेल्या स्त्रिया कोणीही पाहिलेल्या असतील.

या कथेवरून लेखिका बुरख्याविरुद्ध लिहिते, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. बारकाईने वाचता तो टिकत नाही. त्या स्त्रीची अडचण अंगावरच्या कपड्याची नसून तिला न विचारता फलाटावर ठेवले जाण्याची आहे. तिच्या जागी शिफॉनची साडी नेसलेली स्त्री असती तरी ती सामानाशेजारीच बसली असती. उलट बुरख्याच्या आडून तीच सर्वांना न्याहाळते आणि शेवटी गोष्ट सांगण्याचा अधिकारही तिच्याकडेच येतो. म्हणजे ज्या लेखिकेला तिच्या कापलेल्या केसांवरून ओळखले गेले, तिने स्वतः स्त्रीचे मोजमाप कपड्यावरून केले नाही.

‘ब्रह्मचारी’ आणि ‘कुंकू’

१९३८ च्या अखेरीस महात्मा गांधींनी ‘हरिजन’मध्ये आधुनिक मुलीला अनेक चाहते हवे असतात आणि तिचा पोशाख लक्ष वेधून घेण्यासाठी असतो, अशा आशयाची टीका केली. बंगालमधील काही मुलींनी पत्र लिहून तिला विरोध केला आणि पुरुषांच्या वागणुकीची जबाबदारी मुलींवर टाकली जात असल्याचे निदर्शनास आणले. गांधींनी ते पत्र प्रसिद्ध केले. स्त्रियांना स्वातंत्र्यलढ्यात आणणाऱ्या नेत्याच्या मनातही या विषयावर पोशाखच प्रथम यावा, यावरून त्या काळचे वातावरण लक्षात येते.

त्याच सुमारास आलेल्या दोन मराठी चित्रपटांची तुलना या ठिकाणी उपयुक्त ठरते. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ साली आला. त्यातील नायिका किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेले गीतदृश्य अतिशय गाजले. अत्र्यांचा रोख ब्रह्मचर्याच्या ढोंगावर आहे आणि तो विनोद आजही ताजा वाटतो. परंतु किशोरीचे धाडस, तिची हुशारी, तिचा पोशाख हे सर्व नायकाला व्रतातून सोडवण्याच्या कामी येते. तिची स्वतःची दुसरी इच्छा कथेला माहीत नाही.

‘कुंकू’ हा प्रभातचा चित्रपट १९३७ सालचा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. पोरकी नीरा मामाच्या लोभामुळे वृद्ध विधुराशी फसवून लावून दिली जाते. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली झाला होता, परंतु वयात आलेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध बोहल्यावर उभे करण्यास त्याने आडकाठी येत नव्हती. नीरा हा विवाह मनाने आणि शरीराने स्वीकारत नाही. शांता आपटे यांची नीरा जुन्या पद्धतीचे लुगडे नेसते. तिच्या अंगावर फॅशनची एकही खूण नाही. मात्र ती इंग्रजी कविता गाते आणि ‘नाही’ म्हणते. याच चित्रपटात विधुराच्या शिकलेल्या, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष जीवनात त्या केंब्रिजला शिकलेल्या आणि संततिनियमनाच्या प्रसाराचे काम करणाऱ्या होत्या.

पोहण्याच्या पोशाखातील किशोरी ‘होय’ म्हणते आणि लुगड्यातील नीरा ‘नाही’ म्हणते. यांपैकी अधिक आधुनिक कोण, हा प्रश्न वर्गात विचारल्यास विद्यार्थ्यांची उत्तरे निश्चितच विचारप्रवर्तक असतील. ‘कुंकू’लाही मर्यादा आहे. नीराची सुटका होते ती वृद्ध पतीला उपरती होऊन त्याने मृत्यू पत्करल्यामुळे. तिला मुक्त करणारा कायदा कथेत नाही, कारण तो त्या काळच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील हिंदू समाजासाठी अस्तित्वातच नव्हता. या संदर्भात १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आठवणे योग्य ठरेल. त्याने मुस्लिम स्त्रीला ठरावीक कारणांसाठी न्यायालयातून विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार दिला. निकाहात वधूची संमती ही मुळातच आवश्यक बाब आहे. म्हणजे स्वाक्षरीचा हक्क परंपरेबाहेरून आणावा लागला असे नाही. तो परंपरेत होता, व्यवहारात झाकला गेला होता.

पडद्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादावरून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. नटीच्या साडीची आणि केशभूषेची चर्चा करणाऱ्या वर्तमानपत्रांना अखेर तिच्या कराराची बातमी छापावी लागली.

पुन्हा ग्वाल्हेर

या सर्व चर्चेचा शेवट ग्वाल्हेरमध्येच करता येतो. उर्दू कवी जाँनिसार अख्तर यांचा जन्म येथील. येथील व्हिक्टोरिया कॉलेजात, पुढे ज्याला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले तेथे, ते उर्दू शिकवत. १९४३ साली त्यांचा विवाह सफिया यांच्याशी झाला. सफिया या कवी मजाज यांच्या बहीण. मजाज यांनी तरुण स्त्रीला उद्देशून लिहिलेली नज्म प्रगतिशील उर्दू काव्यात प्रसिद्ध आहे. तिच्यात पदराला नवे, लढाऊ रूप देण्याचे आवाहन आहे. अकबर यांच्या तुलनेत हा फार मोठा पल्ला आहे. तरीही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. उपहास करणारा असो वा आवाहन करणारा, दोन्ही कवींची नजर स्त्रीच्या वस्त्रावरच आहे.

सफिया अख्तर स्वतः अध्यापिका होत्या. फाळणीच्या वेळच्या अशांततेनंतर हे कुटुंब ग्वाल्हेर सोडून भोपाळला गेले आणि दोघेही तेथील हमीदिया कॉलेजात शिकवू लागले. १९४९ मध्ये जाँनिसार मुंबईला गेले. सफिया भोपाळला राहिल्या. दोन मुले, नोकरी आणि ढासळती प्रकृती सांभाळत त्यांनी पतीला पत्रे लिहिली. १९५३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर ही पत्रे ‘हर्फ-ए-आशना’ आणि ‘जेर-ए-लब’ या नावांनी पुस्तकरूपाने आली. उर्दू पत्रवाङ्मयात त्यांना मानाचे स्थान आहे. या पत्रांकडे बहुधा विरहिणीची पत्रे म्हणून पाहिले जाते. त्यांत प्रेम आहे आणि ते उत्कट आहे. पण त्यांत घरखर्च, मुले, आजार आणि कॉलेजचे कामही आहे. ही एका मिळवत्या स्त्रीची पत्रे आहेत. कवीने पदराकडे पाहिले. त्याच्या बहिणीने पत्राखाली आपले नाव लिहिले.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, जाझ युगातील फॅशनेबल तरुणीचे मराठी आणि उर्दू चित्रण वरकरणी भिन्न असले तरी त्याची चौकट एकच आहे. तिच्या पोशाखावर हसावे, रागवावे किंवा भाळावे आणि शेवटी तिला संसारात बसवावे, अशी ती चौकट आहे. दुसरी, त्या काळातील स्त्रियांचे स्वतःचे लेखन आणि कर्तृत्व या चौकटीत मावत नाही. इंदिराराजे यांचे पत्र, विभावरींची मिळवती मुलगी, रशीद जहाँ यांची फलाटावरील स्त्री, शांता आपटे यांचा करार आणि सफिया अख्तर यांची पत्रे या सर्वांत ‘मला विचारले का?’ हा एकच प्रश्न आहे. तिसरी, पोशाख ही क्षुल्लक बाब नव्हती. सुलोचना यांच्या रूपावरच त्यांची कमाई उभी होती आणि इंदिराराजे यांच्या पांढऱ्या शिफॉनला स्वतःचा अर्थ होता. मात्र पोशाख स्त्रीने निवडला की तिच्यासाठी निवडला गेला, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी हा प्रश्न जुन्या पुस्तकांपुरता नाही. आजही वर्गात बसलेल्या मुलींपैकी एकीची जीन्स आणि दुसरीचा हिजाब हा शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होतो. त्यांपैकी कोणाचे शिक्षण अर्धवट सुटणार आहे, कोणाचे लग्न तिला न विचारता ठरले आहे, कोणाच्या शिकवणीच्या पैशांवर घर चालते, याची माहिती बहुधा कोणालाच नसते. मराठी व उर्दूच्या वर्गांत ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘दिल्ली की सैर’ शेजारी ठेवून शिकवल्यास दोन्ही भाषांतील विद्यार्थ्यांना परस्परांचे घर आतून दिसेल. त्यातून एखाद्या मुलीने वर्ग सुटल्यावर शिक्षकांजवळ थांबून स्वतःचे काही सांगितले, तर ते शिकवणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.